खरं पाच नऊ

जेवण झाल्यावर मी रेडिओच्या खोलीतल्या खाटेवर आडवी होते. झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला. डोळे मिटते तेही खिडकीतलं ऊन तोंडावर येतंय म्हणून. टेबलावर काढून ठेवलेल्या आमच्या जुन्या, माइक जोडलेल्या हेडफोनमधून खरखर येते आहे, आणि त्या खरखरीच्या मध्यभागी मगदूम ओरडताहेत.

मगदूम सर आमच्या मिरजेतलेच, तीन गल्ल्या सोडून राहतात. आज पहाटेपासून हौशी रेडिओवाल्यांची जागतिक स्पर्धा सुरू आहे. शनिवार-रविवार मिळून जमेल तितक्या देशांतल्या जमेल तितक्या लोकांशी हवेवर बोलायचं. बोलायचं म्हणजे गप्पा मारायच्या नाहीत. आपलं सांकेतिक नाव सांगायचं, समोरच्याला रिपोर्ट द्यायचा, आपण जगाच्या कुठल्या झोनमध्ये बसलोय तो आकडा द्यायचा, की झालं. पुढचा गडी. सबंध माणूस अर्ध्या मिनिटात उरकायचा. अशी एवढी वर्षं ह्या स्पर्धेत हे माइकवर बसायचे, मी शेजारी बसून नोंदी घ्यायची, चहा करायची, आणि दरवर्षी मगदुमांचा नंबर वर आला की ह्यांची समजूत काढायची.

हे म्हणजे आमचे हे. गेल्या दिवाळीनंतर गेले. आमच्या रेडिओवाल्यांत माणूस गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. मोर्सच्या चावीवरून आलंय, चावी शांत झाली असा अर्थ. ह्यांना शांत म्हणणं धादांत खोटं आहे, पण पद्धत आहे म्हणून मीही म्हणते.

आज पहिल्यांदा मी एकटी बसले आहे. लेकीनं, ऋजुतानं, पुण्याहून नवा सेट आणून दिलाय. पातळसा, रंगीत पडद्याचा. सगळ्या जगाची गडबड त्यावर निळ्या-पिवळ्या रेघांनी वाहत असते. आणि सकाळपासून त्या सेटवर मला मगदुमांशिवाय काहीही ऐकू आलेलं नाही. ते बोलले की पडदा सगळा पांढरा होतो. सकाळभरात चार-दोन माणसं कशीबशी हाताला लागली, त्यांनीही माझं नाव पुन्हा पुन्हा विचारलं. त्यामुळे माझं ठरलंय. पाठ टेकून उठायचं, सगळं बंद करायचं, आणि ऋजुताला फोन करून सांगायचं की बाई, हे माझं काम नव्हे, मी आपली नोंदीच घेणारी होते.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण तिचा मला अजून राग आहे. रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. पहिला, बोलणं किती स्पष्ट कळलं, तो पाचपर्यंत. दुसरा, आवाज किती जोरात आला, तो नऊपर्यंत. पाच नऊ म्हणजे उत्तम, त्याच्यावर काही नाही. स्पर्धेत सगळे सगळ्यांना डोळे झाकून पाच नऊ देतात. समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा येत असला, तरी पाच नऊ. ह्यांना त्या खोटेपणाची भयंकर चीड. स्पर्धेत नाइलाजानं द्यायचे आणि त्याचा वचपा घरात काढायचे. आमटी चार सहा. रव्याचे लाडू पाच सात. मी परवाना काढून पहिल्यांदा हवेवर आले, तेव्हा ह्यांनी शेजारच्या खोलीतून मला तीन पाच दिले. मध्ये एक भिंत! सबंध संसारात मला एकदाही पाच नऊ मिळालं नाही. माझी तेवढीच एक हौस होती, आणि ती न पुरवता हे निघून गेले.

"अगं, ऊठ. दुकान बंद होईल."

हे दारात उभे आहेत. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि पायात लग्नातले काळे बूट.

"कुठलं दुकान?" मी विचारते.

"साडीचं."

हे कधी साडीच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. बाहेर स्कूटरवर बसून राहायचे आणि मी बाहेर आले की "झालं?" एवढंच विचारायचे. मी तसं बोलूनही दाखवते, पण तोवर आम्ही दुकानातच बसलेलो आहोत. पांढरीशुभ्र गादी, टेकायला लोड, समोर मांडी घालून बसलेला दुकानदार. त्याच्या मागे छतापर्यंत फडताळं, आणि फडताळांत घड्या घालून ठेवलेले रेडिओचे सेट.

"वहिनी, हा बघा. कालच आलाय." दुकानदार एक सेट झटक्यात उलगडतो. सेट सळसळत गादीभर पसरतो. मधोमध पडदा, काठावर दोन बोटं रुंद बटणांची वेलबुट्टी. "नजर ठरत नाही बघा."

"बटणं फार भरलेली आहेत," मी म्हणते. "जरा हलक्या काठात नाही का?"

"हलक्यात हा घ्या. सगळी बटणं आत, मेनूत. वरून अगदी प्लेन."

"रोजच्या वापराला बरा," हे म्हणतात. "स्पर्धेला नको. जे दर मिनिटाला लागतं ते बोटाखाली पाहिजे. मेनूत शिरून बाहेर येईपर्यंत माणूस दुसऱ्याच्या हाती लागतो. पदर दाखवा बघू."

दुकानदार सेट उलटा करून मागची बाजू दाखवतो. हे चष्मा कपाळावर ढकलून एकेक जोडणीचं भोक तपासतात, नखानं खरवडतात. आयुष्यभर ज्या माणसाला माझी पैठणी आणि पलंगपोस यांतला फरक कळला नाही, तो आता पोत बघतोय. मला हसू येतं.

"अंगावर टाकून बघा ना," म्हणत दुकानदार सेट माझ्या खांद्यावर टाकतो. भलताच जड आहे. आरशात मी खांद्यावर गॅस सिलिंडर घेतल्यासारखी दिसते. "खुलतोय तुम्हाला!" तो म्हणतो.

"खुलण्याचं राहू द्या," हे म्हणतात. "ह्याला शेजारी सोसतो का ते सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे शेजारी एखादा बेंबीच्या देठापासून ओरडत असला, तर त्याच्या बगलेतून लांबचं बारीक बोलणं ऐकू येतं का? स्पर्धेच्या सेटला पहिला प्रश्न तो. बाकी रंगबिंग नंतर."

"हात्तिच्या! आत्ता दाखवतो," म्हणून दुकानदार खालचं फडताळ उघडतो. आत मगदूम सर बसलेले आहेत. हातात माइक, गुडघ्यांवर लुंगी. मगदूम जिवंत आहेत, चांगले धडधाकट आहेत, पण स्वप्नाला त्याचं काय.

"काय वैनी, बरं हाय न्हवं?" ते म्हणतात, आणि माझं उत्तर यायच्या आत माइक तोंडाशी नेऊन गरजतात, "सीक्यू कॉन्टेस्ट! सीक्यू कॉन्टेस्ट!" म्हणजे स्पर्धेत आहे, कुणीही उत्तर द्या. दुकानातले सगळे सेट घड्या मोडून खाली कोसळतात. माझ्या खांद्यावरचाही पांढरा पडतो.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हणते. "सकाळपासून हे असं चाललंय. मला नवीन काही नको. मला आपली म्हैसच द्या."

म्हैस म्हणजे ह्यांचा जुना सेट. काळा, अवजड, समोर गोल डोळ्यांसारखे दोन काटे. घरी तो खालच्या कप्प्यात आहे, माझ्या जुन्या नऊवारीची खोळ घालून ठेवलेला. इथे तो दुकानाबाहेर विजेच्या खांबाला केबलनं बांधलाय आणि शांतपणे रवंथ करतोय.

मला वाटतं, हे सुखावतील. एवढ्या वर्षांत त्या सेटला धूळ बसू दिली नाही ह्या माणसानं. पण हे बाहेर बघतात आणि मान हलवतात.

"तिला राहू दे. तिचं वय झालं. तापायलाच अर्धा तास घेते, आणि तापली की लावलेल्या जागेवरून घसरते. ऋजुतानं आणलाय तो चांगला आहे."

"चांगला?" माझा आवाज चढतो. "तुम्ही त्या सेटला चांगलं म्हणताय? त्यात मगदुमांशिवाय दुसरं काही येत नाही!"

"येतं. तू सगळं सताड उघडून बसलीस त्याला तो काय करणार?" माझ्या खांद्यावरच्या सेटच्या एका गोल बटणावर हे बोट ठेवतात. "ही ऐकण्याची धार शेवटपर्यंत कुणी फिरवून ठेवली? वर आणखी जोर वाढवायचं बटणही चालू. सगळी दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या आणि मग म्हणायचं, वरात घरात शिरली."

"कुणी म्हणजे? तुमच्यासाठीच!" आता मात्र मला खरंच संताप येतो. "शेवटची वर्षं तुम्हाला डाव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानं सोयीपुरतं येत होतं. सगळं शेवटपर्यंत फिरवून ठेवल्याशिवाय तुम्ही 'सेट बिघडला' म्हणून ओरडायचात. मग मला तीच सवय लागली. नवा सेट आला, मी पहिल्यांदा तेच केलं."

हे म्हणतात, "आता मला सगळं ऐकू येतं."

"बरं झालं."

"कसलं बरं? तू पुटपुटतेस तेही ऐकू येतं. माझ्या पायजम्यांचं तू पायपुसणं केलंस हेही ऐकलं मी."

"जुने झाले होते."

"एक चांगला होता." असं म्हणून हे ते बटण हळूच मागे फिरवतात.

दुकानातला गलबला उतरत जातो. दुकानदाराचं तोंड हलतं पण आवाज येत नाही, गादी थंड पडते, आणि मी एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसलेली आहे. समोर जाळी, हातात माइक, डोक्याला हेडफोन, आणि जाळीपलीकडे माणसांचा समुद्र. सगळे एकदम आपापली सांकेतिक नावं ओरडताहेत. कुणी रशियन टोपीत, कुणी चड्डीवर, एका बाईच्या कडेवर मूल आहे आणि तेही ओरडतंय. वर कर्ण्यातून मगदूम गर्जताहेत.

"मला नाही झेपायचं," मी म्हणते. हे कुठे दिसत नाहीत. फक्त आवाज येतो, किंचित मागून, शेजारच्या खुर्चीवरून, मी जिथे एवढी वर्षं बसायची तिथून.

"नोंद मी घेतो. तू बोल. आधी धार कमी कर."

मी बटण मागे घेते. मन मानत नाही. ऐकू येत नसताना आणखी कमी करायचं, हे कसलं शास्त्र? पण कर्ण्यातले मगदूम बारीक होत जातात, होता होता रसवंतीच्या घुंगरांएवढे होतात, आणि त्यांच्या खालून एकेक माणूस वर यायला लागतो. जणू तळाशी बसलेला साबुदाणा सुटा व्हावा.

"आता सगळ्यांशी बोलू नकोस," मागून हे म्हणतात. "एकाच्या नावाची शेपटी धर, एखादं अक्षर."

मी माइक तोंडाशी नेते. "सगळे गप्प! ज्याच्या नावात टँगो आहे तेवढ्यानंच बोला!" गर्दी चिडीचूप. मला माझंच आश्चर्य वाटतं. टँगो म्हणजे 'टी' हे अक्षर. तीन टँगो पुढे येतात, मी एकेकाला उरकते. पाच नऊ, बावीस. पाच नऊ, बावीस. बावीस हा आपला झोन. रशियन टोपी झाली, चड्डीवाला झाला, बाईचं मूलही झालं. माझी जीभ चालते आहे, मागे पेन कुरकुरतं आहे, आणि मला लग्नाच्या पंगतीत वाढतानासारखा चेव चढलाय. कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलेलं नाही.

गर्दी विरळ होते. सगळ्यात शेवटी, पार पाणपोईपाशी, कुणीतरी उभं आहे. आवाज अगदी पुसट, येतो आणि जातो.

"माइक किलो टँगो."

ह्यांच्या सांकेतिक नावातली अक्षरं. घरात मी ह्यांना कधी नावानं हाक मारली नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. पण हवेवर 'माइक किलो टँगो' म्हणून हजारदा पुकारलंय, भांडणं झाली तरी. मी मागे वळून बघते. खुर्ची रिकामी आहे.

"माइक किलो टँगो," मी म्हणते. "पाच नऊ, बावीस."

"पाच नऊ?" जाळीपलीकडून ह्यांचा आवाज तापतो. "ऐकू तरी येतंय का धड? खरं दे."

मी डोळे पुसते. कान देऊन ऐकते. खोटं बोलायची सोय नाही.

"तीन तीन," मी म्हणते. "तेही ओढूनताणून."

"शाब्बास," हे खूश होऊन म्हणतात. "आता तुझा घे. खरा देतो हं, स्पर्धेतला नाही. पाच..."

आवाज बुडतो. मी जाळीला कान लावते. सगळा स्टँड कान लावतो.

"...आठ."

"आठ?" मी उभी राहते. "मेल्यावरसुद्धा आठ? काय बिघडलं असतं नऊ दिलं असतं तर?"

"पाच आठ काही वाईट नाही हो," रशियन टोपीवाला मध्ये बोलतो.

"तुम्ही गप्प बसा! अहो, एक का कापला ते सांगा. सांगितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

"तुझ्या अंबाड्यामुळे." हे आता जाळीच्या अगदी जवळ आलेत. चष्म्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे, तशीच. "हेडफोनचा पट्टा तू आवळून ठेवतेस. तो अंबाड्याच्या पुढे अडतो, कलंडतो, आणि माइक जातो हनुवटीखाली. तू जगाशी बोलतच नाहीस, गळ्यातल्या मंगळसूत्राशी बोलतेस. म्हणून लोक पुन्हा पुन्हा नाव विचारतात."

"तुमच्या डोक्याएवढा सोडला तर नाकावर येतो माझ्या." हे भांडण आमचं रोजचं. हे बसून उठले की पट्टा टोकापर्यंत सोडलेला, मी बसले की तो आत ढकलायची. दोघांनीही कधी माघार घेतली नाही.

"अंबाड्याच्या मागून घाल ना, बाई! एवढी वर्षं शेजारी बसून बघत होतो. दर वेळी सांगीन म्हणायचो, तेवढ्यात कुणीतरी उत्तर द्यायचं."

कर्ण्यात कुणीतरी घसा खाकरतं. मिरजेहून सुटणारी गाडी फलाटाला लागली आहे. हे वळून बघतात.

"झोन सांगून जा!" मी घाईनं म्हणते. "झोनशिवाय संपर्क पुरा होत नाही. मला नोंद धरता येणार नाही."

"इथे झोन नाहीत गं."

"असा कसा नाही? आकडा असेल काहीतरी. विचारा कुणाला तरी!"

"मग नको धरूस नोंद. अर्धवट संपर्क मोजायचा नसतो, तुला मीच शिकवलंय." हे जाळीतून एक बोट आत घालतात आणि माझ्या कानामागे कुठेतरी टेकवतात. "मी तुझ्या वाटेत बसू नये आता. पुढचा गडी घे. आणि मगदुमाला..."

"काय? मगदुमांना काय?"

तीन तीन. दोन दोन. मग नुसती खरखर. मला इतकं रडू येतं की त्यानंच जाग येते.

ऊन खाटेवरून उतरून टेबलावर गेलं आहे. उशी ओली आहे. दाराला आतून कडी आहे, मीच लावलेली. सेट चालू आहे, पडद्यावर मगदुमांचा पांढरा पट्टा आहे, आणि त्याच्यासमोर हेडफोन पडलाय.

तो मी सकाळी काढून ठेवला तेव्हा पट्टा पार आत होता, एक खाचही बाहेर नव्हती. आता तो दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत ओढलेला आहे. बरोबर तिथवर, जिथे ह्यांनी आपल्या मापाची खूण म्हणून निळी चिकटपट्टी लावली होती. तो खटका किती घट्ट आहे ते मला माहीत आहे. मला तो आत ढकलायलासुद्धा दोन्ही हात लावावे लागतात. ऋजुता म्हणेल, आई, झोपेत तूच ओढला असशील. म्हणू दे.

मी ऋजुताला फोन करत नाही. खुर्चीवर बसते, पट्टा आहे तसाच ठेवते, आणि हेडफोन अंबाड्याच्या मागून घालते. गच्च बसतो. माइक आपणहून ओठांसमोर येऊन थांबतो. मग जोर वाढवायचं बटण बंद करते आणि ऐकण्याची धार मागे आणते, हात धजेना तरी आणते. मगदूम लांब जातात. उत्साह तोच, फक्त गल्ल्या तीनच्या तीस झाल्यासारखे. आणि त्यांच्या शेजारून, अगदी खेटून, एक बारीक बायकी आवाज येतो. क्रोएशिया. सकाळपासून कदाचित तिथेच असेल.

मी माझं नाव सांगते, एकदाच. ती पुन्हा विचारत नाही.

"फाइव्ह नाइन," ती म्हणते, आणि तिचा झोन सांगते.

मी तिला माझा देते आणि नोंद घेते. स्पर्धेत सगळेच पाच नऊ देतात, मला ठाऊक आहे. पण हे मी खरं धरते, आणि पुढच्या गड्याला बोलावते.